पुन्हा पुन्हा मुरगळणारा घोटा आणि फरशीवरच्या तीन पट्ट्या

उपवनकाठ | शनिवार, रात्री १०:१२

लेक १६ वर्षांची आहे, खो-खो खेळते. आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. दोन वर्षांपूर्वी सरावात खांबाला वळताना तिचा उजवा पाय आतल्या बाजूला मुरगळला. घोटा टम्म सुजला, रात्रीतून बाहेरची बाजू काळीनिळी पडली. एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. क्रेप बँडेज, बर्फ, तीन आठवडे विश्रांती. सासूबाईंनी आंबेहळदीचा लेपही घातला. सूज उतरली, दुखणं थांबलं आणि पाय बरा झाला असं आम्ही सगळेच धरून चाललो.

त्यानंतर पाय मुरगळायचा थांबलाच नाही. गेल्या सहा महिन्यांपासून मी वहीत तारखा लिहून ठेवतेय, सात नोंदी झाल्यात. दोनदा स्टेशनच्या पुलावरून उतरताना, एकदा तलावपाळीला फूटपाथच्या कडेवर, एकदा चक्क घरात, आणि तीन वेळा मैदानात. दर वेळी सूज येते असंही नाही. ती म्हणते, "आई, दुखत नाही गं. पाय जातो."

या "पाय जातो"चं काय करायचं ते कुणी सांगत नव्हतं. एमआरआय झाला. लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं जोडणारा पट्टा, थोडं सैल आहे, बाकी काही विशेष नाही, असं उत्तर मिळालं. एक डॉक्टर म्हणाले, अँकल सपोर्ट घालून खेळू दे. दुसरे म्हणाले, खेळ सोड. तो पाय नेमकं काय करू शकतो आणि काय नाही, हे पाहायला मात्र कुणी तिला उभंसुद्धा केलं नाही.

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या सांगण्यावरून ठाण्यातल्याच एका फिजिओकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट वाचून बाजूला ठेवले आणि लेकीला बूट-मोजे काढायला सांगितले. आडवं झोपवून कमरेच्या पुढच्या हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत पायाची लांबी मोजली, ८४ सेंटिमीटर. मग फरशीवर चिकटपट्टीच्या तीन रेघा मारल्या. एक सरळ पुढे, दोन मागे तिरक्या. एक पाय मधोमध ठेवून, हात कमरेवर, दुसऱ्या पायाचं बोट पट्टीवरून जमेल तितकं लांब न्यायचं, भार न देता नुसतं टेकवायचं आणि परत जागेवर यायचं. उभ्या पायाची टाच उचलली, हात सुटला किंवा टेकवलेल्या पायावर वजन पडलं की ती खेप बाद.

मी समोर जमिनीवरच बसले होते, तिचे घोटे माझ्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर. डाव्या पायावर उभी होती तेव्हा पाय थोडासा डुलायचा आणि स्थिर व्हायचा. उजव्यावर आली आणि बाहेरच्या घोट्यामागे जी दोरीसारखी शीर दिसते ती थरथरायला लागली. बोटांनी फरशी धरली, नखं पांढरी पडली. मागे तिरका पाय नेताना कंबर एकदम एका बाजूला ढळली, खेप बाद. दुसरीही बाद. तिसऱ्या खेपेला ओठ आवळून तिने पाय नेला, टेकवला, आणि परत आली. खडूची खूण ७१ वर.

आकडे असे. डाव्या पायावर उभं राहून: पुढे ५६, मागे मोकळ्या बाजूला ८६, मागे उभ्या पायाच्या पाठून पलीकडे ८०. उजव्यावर उभं राहून: ५०, ८०, ७१. तिन्हींची बेरीज, भागिले पायाच्या लांबीची तिप्पट, गुणिले शंभर. डावा ८८.१ टक्के, उजवा ७९.८.

रिक्षात बसल्यावर लेक रडली. मला वाटलं घाबरली. तर म्हणाली, "म्हणजे मी उगाच नव्हते सांगत."

आता अडचण अशी की पाच आठवड्यांनी निवड चाचणी आहे. फिजिओ म्हणतात थांबा. लेकीला खेळायचंय, तिने माझ्याशी बोलणं टाकलंय. इथे कुणी या चाचणीतून गेलंय का? पोराला परत मैदानात कधी सोडलंत?

---

येऊरवाट | शनिवार, रात्री ११:०५

ताई, आधी धागा साठवला. माझं वय ४१, दर रविवारी येऊरला जातो. डावा घोटा कॉलेजपासून असाच. सपाट रस्त्यावर काही नाही, पण उतारावर सुटा खडा पायाखाली आला की गेलाच. मला आजवर वाटायचं ही आपली चालण्याची खोड.

प्रश्न: दुसरा पाय चांगला असेल तर त्याच्याशीच ताडून पाहिलं तर चालतं ना? टक्के कशाला काढायचे?

---

फिजिओ_सीवूड्स | रविवार, सकाळी ८:३०

उपवनकाठताई, तुमच्या फिजिओंनी नीट मोजलंय. सविस्तर लिहिते, कारण हा विषय आमच्याकडेही बरेचदा "विश्रांती घ्या" यावरच संपतो.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट्स असतात. तळवा आत वळून पाय मुरगळतो तेव्हा सहसा त्यातलं पुढचं आधी ताणलं किंवा फाटलं जातं. ते सैल राहिलं तर हाताने पाय पुढे ओढून पाहिल्यावर सांधा जास्त सरकतो. पण सांधा सैल असणं आणि पाय जाणं या दोन गोष्टी नेहमी जोडीने येत नाहीत. सैल घोट्याने वर्षानुवर्षं खेळणारे आहेत, आणि तपासताना घट्ट लागणारा घोटा असून पायऱ्यांवर पडणारे आहेत.

हे पहिल्यांदा नीट मांडलं १९६५ साली ब्रिटनमध्ये फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मुरगळलेल्या पायावर एका पायाने उभं केलं की माणूस जास्त डुलतो, हे त्यांनी पाहिलं. त्यांचं म्हणणं असं की लिगामेंटबरोबर त्यातले मज्जातंतूही दुखावतात, म्हणून पाय कुठे आणि कसा टेकलाय याची खबर वर नीट पोचत नाही. तोलाचे व्यायाम दिले की ही तक्रार कमी होते, हेही त्यांनी तेव्हाच दाखवलं. पुढे त्यात भर पडली. आज आपण मानतो की प्रश्न एका लिगामेंटपुरता नसतो, हालचाल ठरवणाऱ्या मेंदूपर्यंत तो जातो.

येऊरवाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. एक घोटा दुखावला की दुसऱ्या पायाचा तोलही थोडा ढळलेला सापडतो. त्यामुळे "चांगला" पाय हे भरवशाचं माप नाही. म्हणून टक्के. आणि उंच माणसाचा पाय लांब जाणारच, तेव्हा पायाच्या लांबीने भागल्याशिवाय दोन माणसांची तुलना करता येत नाही.

मूळ चाचणी आठ दिशांची, ताऱ्यासारखी. नंतर लक्षात आलं की तीन दिशा पुरतात, तेच हे इंग्रजी वाय (Y) अक्षरासारखं रूप. २००६ साली अमेरिकेत शाळेतल्या बास्केटबॉल खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात पुढच्या दिशेला दोन पायांत ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असलेल्यांना पायाची दुखापत होण्याची शक्यता सुमारे अडीच पट निघाली. तुमच्या लेकीचा फरक ६ आहे. पण तो आकडा बास्केटबॉलचा. नंतर इतर खेळांत सगळीकडे तसाच निकाल आलेला नाही. ४ पाहून काळजी घ्यायची, ती काळ्या दगडावरची रेघ समजायची नाही.

ही चाचणी निदान करत नाही. गुडघा, कंबर, पाठ, कशामुळेही आकडा घसरतो. घोट्याची जुनाट अस्थिरता म्हणायला आधी इतिहास लागतो. २०१३ मध्ये या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय गटाने अभ्यासासाठी निकष ठरवले: पहिली मोठी मुरगळ किमान १२ महिन्यांपूर्वीची, गेल्या ६ महिन्यांत किमान दोनदा पाय गेलेला, आणि ठरलेल्या प्रश्नावलीत कमी गुण. त्यातली एक कंबरलँड नावाची, ९ प्रश्न, ३० गुण, २४ किंवा त्याखाली असेल तर अस्थिर धरतात. तुमची वही तुम्ही समजता त्यापेक्षा मोलाची आहे. पुढच्या भेटीला न्या.

---

टेंभीनाका_गोविंदा | रविवार, दुपारी २:१८

मॅडम, मी सर्वात खालच्या थराला असतो. उजवा घोटा तीन वर्षं त्रास देतोय. आमच्यात सगळे घोट्याला टेप मारून उतरतात. टेप मारली की पाय धरून ठेवल्यासारखा वाटतो, मग प्रॉब्लेम काय? वरती पोरं उभी असतात, मला पाय हलवून चालत नाही.

---

फिजिओ_सीवूड्स | रविवार, दुपारी ३:०२

टेप जरूर मारा, सपोर्टही घाला. खेळताना पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण त्याने कमी होतं. पण टेप काढल्यावर पाय तोच राहतो. तुमच्या खांद्यावर बाकीचे थर उभे असतात, त्यामुळे दादा, तुमचा घोटा एकट्या तुमचा नाही. मोकळ्या जागी, भिंतीजवळ, अनवाणी उजव्या पायावर ३० सेकंद उभे राहा, डोळे उघडे ठेवून. काय होतं ते लिहा.

---

टेंभीनाका_गोविंदा | रविवार, दुपारी ३:२०

डावा आरामात. उजवा १४ सेकंदांत खाली. पुन्हा केलं, १७. मला खरंच वाटलं नव्हतं.

---

नौपाडा_६८ | रविवार, संध्याकाळी ६:४४

मी वृक्षासन रोज करतो. वयाच्या मानाने बरं जमतं. वरचं वाचून डोळे मिटून करून पाहिलं, तोल गेला, कपाटाला धरलं म्हणून वाचलो. माझाही घोटा अस्थिर समजायचा का?

---

फिजिओ_सीवूड्स | रविवार, रात्री ९:१०

काका, कृपा करून एकट्याने डोळे मिटून करू नका. डोळे मिटले की तोल ढळणं ही खूण १९व्या शतकात रॉम्बर्ग या जर्मन वैद्याने सांगितली, ती वेगळ्याच आजारासाठी. दोन पाय जुळवून, डोळे मिटून उभं करायचं, ती तपासणी आजही होते. तोल तीन गोष्टींवर उभा असतो: डोळे, कानातला तोलाचा अवयव, आणि पाय-सांध्यांकडून येणारी खबर. डोळे मिटले की उरलेल्या दोघांवर भार येतो. घोटा वारंवार मुरगळणारी माणसं एका पायावर उभी राहताना डोळ्यांवर जास्त विसंबतात असं अभ्यासांत दिसलंय, म्हणून त्यांची डोळे मिटून घेतलेली चाचणी बोलकी असते. तुमच्या वयाला कारणं निराळी असू शकतात. मधुमेह असेल तर तळव्यांची संवेदनाही तपासून घ्या. पाय कधी मुरगळला नसेल तर हा धागा तुमचा नाही, पण तपासणी नक्की तुमची आहे.

---

नौपाडा_६८ | रविवार, रात्री ९:३२

मधुमेह १२ वर्षं आहे. उद्याच जातो. आभार.

---

पामबीच_पहाट | सोमवार, सकाळी ७:५०

थोडं वेगळं मत मांडतो. मी नेरूळहून पाम बीचच्या बाजूने धावतो. ही चाचणी घरी केली, सकाळी ८२ टक्के आला, संध्याकाळी ८७. एका दिवसात माझा घोटा सुधारला का? ज्या मापाला एवढा हेलकावा आहे त्यावर सोळा वर्षांच्या मुलीची निवड सोडायला लावणं मला पटत नाही.

---

फिजिओ_सीवूड्स | सोमवार, दुपारी १:१५

रास्त शंका आहे. सरावाच्या खेपा किती घेतल्या होत्या? ही चाचणी शिकावी लागते, पहिल्या काही खेपांत आकडा आपोआप वाढत जातो. म्हणून आधी प्रत्येक दिशेला किमान चार खेपा सरावाच्या घेतात आणि मग तीन मोजतात. सकाळी तुम्ही शिकत होतात, संध्याकाळी मोजलं गेलं. बूट घातले होते का? पाय दर वेळी त्याच खुणेवर होता का?

नुसत्या एका आकड्यावर मीही कुणाला थांबवत नाही. सहा महिन्यांत सात वेळा पाय जाणं, खेळ असा की पूर्ण वेगात येऊन एका पायावर खांबाला वळायचं, आणि तिन्ही दिशांना उजवा पाय मागे. हे सगळं मिळून मी थांबा म्हणेन.

उपवनकाठताई, आणखी एक सुचवते. पुढच्या दिशेचा आकडा कमी असण्यामागे तोल नसून आखडलेला घोटा असू शकतो. भिंतीसमोर पाय ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला सांगा. अंगठ्यापासून भिंतीपर्यंत किती अंतर जमतं ते दोन्ही पायांचं मोजा.

---

उपवनकाठ | सोमवार, रात्री १०:४०

आत्ता मोजलं. डावा ९ सेंटिमीटर, उजवा ५. तिने स्वतःच पट्टी धरली आणि आकडा मोठ्याने वाचला. दोन दिवसांत माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

---

पाटीवरून | मंगळवार, रात्री ९:२०

मी कळव्याला मुलींना खो-खो शिकवतो. हा धागा माझ्या एका खेळाडूच्या पालकांनी पाठवला. तीन वेळा वाचला.

ताई, निवड चुकणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. या वयात एक वर्ष गेलं की संघात जागा दुसरीची होते. पण आजवर मी मुलींचे पाय कसे पाहत आलो ते सांगतो. दुखतंय का विचारायचो. नाही म्हणाली की दोन चकरा पळवायचो. लंगडत नसेल तर पाटीवर बसवायचो. सरळ पळताना घोटा काहीच सांगत नाही. पाय जातो तो खांबाला वळताना, किंवा बचावात साखळी धरून, म्हणजे बसलेल्या मुलींमधून नागमोडी, पळताना अचानक दिशा बदलावी लागते तेव्हा. मी जे पाहत होतो ते नेमकं चुकीचं होतं. माझ्या हातून दोन मुली असल्याच घोट्यामुळे खेळ सोडून गेल्या. तेव्हा मी त्यांना मनाने कच्च्या समजलो होतो. हे इथे लिहिणं मला भाग आहे.

फिजिओताई, आमच्याकडे मैदान आणि चुना सोडून काही नाही. मैदानात करण्यासारखं काही आहे का?

---

फिजिओ_सीवूड्स | मंगळवार, रात्री १०:०५

सर, तुमच्याकडे लंगडी आहे. ३० सेंटिमीटर अंतरावर चुन्याच्या दोन रेघा मारा. एका पायावर लंगडी घालत आडवं जायचं, परत यायचं, असं दहा वेळा, आणि घड्याळ लावायचं. अस्थिर घोट्याला साधारण १३ सेकंदांपेक्षा जास्त लागतात. वेळेइतकंच तिला विचारा, "उडताना पाय जाईल असं वाटलं का?" ते उत्तर लिहून ठेवा. सूज असलेल्या किंवा नुकतीच मुरगळ झालेल्या मुलीला मात्र हे अजिबात करायला लावू नका. दुखापतीनंतर चार पावलंही भार देऊन चालता येत नसेल, किंवा घोट्याच्या हाडावर दाबून दुखत असेल, तर आधी एक्स-रे.

व्यायामाचंही सांगते. २००८ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात अस्थिर घोट्याच्या तरुणांना आठवड्यात ३ दिवस, असे ४ आठवडे तोलाचे व्यायाम दिले. एका पायावर उभं राहून चेंडू झेलणं, उडी मारून एका पायावर उतरून स्थिर होणं, दिशा बदलत जाणं. मागच्या दोन्ही तिरक्या दिशांचे आकडे सुधारले, आणि पाय कसा वाटतो या प्रश्नावलीतले गुणही. फळ्या, गोळे काही लागत नाही. जमीन पुरते.

---

उपवनकाठ | पाच आठवड्यांनंतर, रविवार

धागा वर काढतेय.

निवड चाचणीला गेलो नाही. त्या दिवशी सकाळी ती उपवनला एकटी जाऊन बसली. मी मागे गेले नाही, गॅलरीतून रस्ता बघत राहिले. दोन तासांनी आली आणि न सांगता भिंतीसमोर उभं राहून व्यायाम सुरू केले.

चार आठवड्यांच्या व्यायामानंतर उजवा: पुढे ५१, मागे मोकळ्या बाजूला ८५, मागे पलीकडे ७७. ८४.५ टक्के. फिजिओ_सीवूड्सताईंनी लिहिलं होतं तसंच झालं, मागचे दोन वाढले आणि पुढचा हटून बसलाय. आता भिंतीचा ताण रोज तीन वेळा, आणि सांधा मोकळा करायला फिजिओकडे आठवड्यातून दोनदा. या पाच आठवड्यांत वहीत एकच नोंद, पायऱ्यांवरची. पडली नाही. म्हणाली, पाय गेला पण मला आधी कळलं.

---

येऊरवाट | त्याच रात्री

"मला आधी कळलं" हे वाचून अंगावर काटा आला. मीही तीन आठवडे करतोय. उतारावर अजून जपूनच जातो.

---

उपवनकाठ | आणखी चार आठवड्यांनंतर

आज परत मोजलं. उजवा: ५५, ८७, ८०. म्हणजे ८८.१ टक्के, पहिल्या दिवशी डाव्याचा होता तेवढाच. डावाही जागेवर राहिला नाही: ५७, ८८, ८२, म्हणजे ९०.१. तोही अपुरा होता हे मोजलं नसतं तर कळलं नसतं. उजवा अंगठा आता भिंतीपासून ८ सेंटिमीटरवर ठेवला तरी गुडघा टेकतो. आडवी लंगडी उजव्याने ११ सेकंद. कंबरलँडचे गुण १७ वरून २५.

काल संध्याकाळी फिजिओंच्या परवानगीने मैदानावर नेलं, सपोर्ट घालून. आधी अर्ध्या वेगात. खांबाला हात लावून उजव्या पायावर वळली, माझं लक्ष फक्त त्या घोट्याकडे. चवडा रोवला गेला, टाच खाली, गुडघा बोटांच्या रेषेत, आणि ती पुढे निघूनही गेली. मग सहा वेळा वळली. सातव्याला मीच थांब म्हटलं.

---

टेंभीनाका_गोविंदा | त्याच रात्री

ताई, भारी वाटलं. माझा उजवा आता ३० सेकंद पूर्ण. आमच्या पथकात खालच्या थरातल्या सगळ्यांना एका पायावर उभं केलं, अकरा जणांतले चार तिशीच्या आत खाली. त्या चौघांना सध्या बाहेरून आधार द्यायला ठेवलंय, सराव चालू आहे.

---

पाटीवरून | सोमवार, रात्री ८:५५

ताई, चुन्याच्या रेघांवर लंगडी सुरू केली. पण त्या तीन पट्ट्यांची चाचणी मला नीट जमत नाही, मुली पाय टेकवताना भार देतात आणि मला ते पकडता येत नाही. तुमच्या लेकीला हे दुसऱ्या बाजूने माहीत आहे. रविवारी सकाळी ७ ला मैदानावर येईल का? चौदा मुली आहेत.

---

उपवनकाठ | सोमवार, रात्री ९:१०

विचारलं. येते म्हणाली. चिकटपट्टी, खडू आणि मोजायची टेप आम्ही आणतो. जागा सपाट लागेल, मातीवर पट्टी चिकटणार नाही, तेव्हा सतरंजी नको, फरशी बघून ठेवा. मुलींना मोजे काढून बसायला सांगा.